तिसऱ्या नंबरची गाडी: एका बीएमपी मॉडेलचं प्रकरण

हिंगणघाट तालुक्यातल्या आमच्या गावात लोक मला ओळखतात ते पाण्याच्या मोटारी वाइंडिंग करणारा म्हणून. दुकानाच्या मागच्या खोलीत मी प्लास्टिकचे रणगाडे जोडतो आणि रंगवतो हे फार जणांना ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे ते हसत सांगतात. त्यामुळे मार्चमध्ये आमच्या गल्लीतले सैन्यातून निवृत्त झालेले हवालदारकाका काखेत खोकं मारून दुकानात आले, तेव्हा मला वाटलं मिक्सर बिघडला असेल. खोक्यात निघाला बीएमपी-२ या लष्करी चिलखती गाडीचा १/३५ प्रमाणातला किट. पुण्याला नोकरीत असलेल्या मुलानं पाठवलेला.

"हे माही गाडी हाय," काका म्हणाले. "जोड, रंग मार. पण माहीच दिसली पाह्यजे."

पुढचा सगळा घोळ या शेवटच्या वाक्यातून झाला. पहिल्या खेपेला जे मॉडेल मी काकांपुढे ठेवलं ते माझ्या मते आजवरचं सगळ्यात चांगलं होतं, आणि त्यांनी ते अर्ध्या मिनिटात नापास केलं. ते का नापास झालं आणि दुरुस्त कसं केलं, ते इथे लिहून ठेवतोय.

काका ब्रिगेड ऑफ द गार्ड्समधले. १९४९ मध्ये जनरल करिअप्पांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ही रेजिमेंट. तिचं प्रशिक्षण केंद्र आपल्या कामठीला, बिल्ल्यावर गरुड. पुढे तिच्या बऱ्याच पलटणी गाडीवर आल्या, आणि काका ड्रायव्हर झाले. त्यांची गाडी म्हणजे बीएमपी-२, मुळात रशियन, १९८७ पासून आंध्रातल्या (आता तेलंगणातल्या) मेडकच्या कारखान्यात बनू लागली आणि आपल्याकडे तिचं नाव पडलं सारथ. वजन १४ टनांच्या वर, तोफ ३० मिलिमीटरची, चालवणारे-लढवणारे तिघं आणि मागे सात जवान. पट्ट्यावर चालते म्हणून लोक तिला रणगाडा म्हणतात, पण तिचं मूळ काम जवानांना घेऊन जायचं. खरी गाडी पावणेसात मीटर लांब, म्हणजे मॉडेल साधारण १९ सेंटिमीटर. रुंदी नऊ. आपल्या पाटीपेन्सिलच्या पाटीएवढंही नाही.

जोडणीबद्दल फार लिहीत नाही. भाग भांड्याच्या साबणानं धुतले, कारण साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल राहिलं तर रंग धरत नाही. किटमधला ओढायचा दोर मात्र प्लास्टिकचा होता, शेवयांसारखा दिसणारा. तो फेकला. वाइंडिंगवाल्याच्या घरी तांब्याची काय कमी? ३६ गेजच्या सात तारा घेतल्या, एक मध्ये आणि सहा भोवती, आणि हँडड्रिलमध्ये अडकवून पीळ दिला. ३६ गेजची तार ०.१९ मिलिमीटर, पिळलेला दोर झाला ०.५८. पस्तीसनं गुणा, २० मिलिमीटरचा पोलादी दोर. हा हिशेब जुळला त्या दिवशी मी दुकान तासभर उशिरा उघडलं.

मे महिन्यातला रंग

मुख्य रंग मारायची वेळ आली ती नेमकी मे महिन्यात. तापमान ४५. मी रंग मारतो तो एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या पेनानं. त्याला हवा देणारा माझा कंप्रेसर जुन्या फ्रीजचा काढलेला आहे. आवाज करत नाही हा त्याचा गुण, हवेबरोबर थोडं तेल फेकतो हा दुर्गुण, म्हणून नळीत फिल्टर बसवलाय. लाइट दुपारी जायची, त्यामुळे यायची तेव्हा मिळेल त्या वेळी रंग मारायचा अशी माझी सवय. ऑलिव्ह ग्रीन अॅक्रिलिक, स्पिरिटमध्ये अर्धं-अर्धं पातळ करून, दुपारी साडेतीनला मारला.

पाच मिनिटांत हात फिरवला तर पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत. रंगाचे थेंब एअरब्रशच्या तोंडातून निघून प्लास्टिकवर पोचायच्या आधीच वाळत होते. ओला थेंब पडला तर पसरतो, शेजारच्याला मिळतो. वाळलेला थेंब नुसता येऊन बसतो, आणि धुळीसारखा थर साचतो. सुईच्या टोकावरही रंग वाळून बसत होता, मग मध्येच एक जाडा थेंब थुंकल्यासारखा पडायचा. हवेत ओल यावी म्हणून मी कूलर लावला. कूलरनं ओल दिली आणि सोबत वाळ्याच्या ताटीतले बारीक धागेही दिले. तोफ बसवलेल्या वरच्या बुरुजावर उजवीकडे चिकटलेला एक धागा १/३५ च्या हिशेबानं चांगला हातभर लांब होता.

उपाय साधा निघाला. मोटारसायकल रंगवणाऱ्याकडून १००० आणि २००० नंबरचा पेपर आणला, पाण्यात भिजवून सगळं हलक्या हातानं घासलं. मग पहाटे पाचला उठून रंग मारायला लागलो. स्पिरिट कमी केलं, वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे चार थेंब टाकले, दाब २० वरून १५ पीएसआयवर आणला आणि ब्रश आठ-दहा सेंटिमीटरवर धरला. थर ओला पडला, काचेसारखा. आमच्या सौ. म्हणाल्या, नांगरणीलाही इतक्या पहाटे कधी उठला नाहीत.

इथपर्यंतचे दोष हवामानाचे होते, आणि हवामानाला तोड निघते.

पहिली पेशी

रंग झाल्यावर मी गाडी जुनी करायला घेतली. या छंदात या कामावरच सगळ्यांचा जीव. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सांध्यासांध्यांत सोडला. स्पंजच्या तुकड्यानं कडांना टवके उडवले. टवक्यांत गंज भरला, गंजाचे ओघळ काढले. आणि माती लावली. माती कुठली, तर आपल्याच वावरातली काळी. वस्त्रगाळ करून, तव्यावर भाजून, फेविकॉलच्या पाण्यात कालवून पट्ट्यांना, चाकांना आणि खालच्या अंगाला भरली. मला वाटलं, विदर्भाच्या माणसाची गाडी, विदर्भाची माती. जुळलं.

काळी माती मात्र मला आधीच सांगत होती. ओली असताना फुगते, वाळताना आकसते, शेतात याच कारणानं उन्हाळ्यात भेगा पडतात. मॉडेलवरही पडल्या. मी खूश, म्हटलं किती खरं दिसतंय! दोन दिवसांनी सकाळी टेबलावर पापुद्रे पडलेले. पुन्हा चिकटवले आणि काकांना बोलावलं.

काकांनी चष्मा लावला. मॉडेल हातात घेतलं नाही, टेबलाभोवती एक चक्कर मारली.

"हे गाडी आपल्या वावरात कधी आली रे?"

मी गप्प.

"अन् हा गंज? असा गंज चढू देल्ला असता ना, तं सुभेदार सायबानं गाडी नाही, मलेच रंगवलं असतं."

"फोटोंमध्ये असंच दाखवतात काका."

"कोन्त्या फोटोत? कोनाच्या गाड्या?"

प्रश्न बरोबर होता. मी पाहून-पाहून शिकलो होतो ती दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन आणि रशियन रणगाड्यांची मॉडेलं. त्यांची गाडी आठवडे-महिने लढाईत, थंडीत, चिखलात, धुवायला कोणाला वेळ नाही, आणि कित्येकदा उडवलेली, जळालेली. काकांची गाडी शांततेच्या काळातली. सरावाहून आली की धुतली जायची, तेलपाणी व्हायचं, तपासणीच्या आधी रंगाचा हात मारला जायचा. तिच्या अंगावर टवक्यांपेक्षा रंगाचे थर जास्त. मी दुसऱ्या कुणाच्या गाडीचं म्हातारपण काकांच्या गाडीला चिकटवलं होतं.

काकांची जबानी

मग मी उलटं केलं. फोटो बाजूला ठेवले आणि चार संध्याकाळी काकांच्या ओट्यावर वही घेऊन बसलो. प्रश्न रंगाचे विचारले नाहीत, कामाचे विचारले. सकाळी गाडीवर कुठून चढायचात? हात कुठे धरायचात? सांजेला फडकं आधी कुठे मारायचात? या पद्धतीनं जे मिळालं ते कुठल्याही किटच्या कागदावर छापलेलं नसतं.

पहिलं, माती. काकांची बहुतेक वर्षं राजस्थानात गेली. तिथे चिकटणारा चिखल नाही, वाळू आणि धूळ. वाळू पट्ट्याला चिकटत नाही, घासते. त्यामुळे पट्ट्याचा जमिनीला लागणारा भाग आणि पुढच्या दातेरी चाकाचे दात पांढरे लख्ख. बीएमपीचं इंजिन पुढे असल्यामुळे पट्टा ओढणारं चाकही पुढेच असतं, आणि चकाकी तिथे जास्त.

दुसरं, धूळ कुठे बसते. मी सगळीकडे सारखी उडवली असती. काका म्हणाले, पाठीवर सगळ्यात जास्त. गाडी पुढे धावते तेव्हा तिच्या मागे हवा विरळ होते आणि पट्ट्यांनी उडवलेली धूळ त्या खळग्यात ओढली जाऊन मागच्या दोन दारांवर येऊन बसते. एसटीच्या मागच्या काचेवर बोटानं नाव लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला हे माहीत आहे, मला सुचलं नव्हतं. त्याच दारांच्या पोकळीत डिझेलही भरलेलं असतं. भरताना थोडं सांडतं, आणि जिथे सांडतं तिथे धूळ काळपट होऊन धरून बसते. चाकांच्या मध्यावर जिथे वंगण पाझरतं तिथेही तशीच गडद कडी.

तिसरं मला सगळ्यात आवडलं. मी विचारलं, मग पुढचं नाक स्वच्छ का? काका म्हणाले, "पहिल्या गाडीचं सोच्छ. माही तिसरी राहे." ताफ्यात तिसऱ्या नंबरवर चालणाऱ्या गाडीच्या नाकावर पुढच्या दोघींची धूळ. म्हणजे धुळीवरून गाडीचा ताफ्यातला नंबर सांगता येतो! डोकं बाहेर काढून चालवताना काकांच्या भुवयांवर जेवढी धूळ, तेवढीच त्यांच्या बसायच्या जागेवरच्या झाकणाच्या पुढच्या कडेला.

चौथं, झीज. ड्रायव्हर पुढे डावीकडे बसतो, इंजिन त्याच्या उजव्या हाताला. म्हणून चढण्याउतरण्याची जागा डावी, धुराची आणि काजळीची जागा उजवी. बूट पडतात तिथला रंग उडत नाही, गुळगुळीत होऊन चमकतो, जिन्याच्या कठड्यासारखा. टवका दगडानं उडतो, बुटानं नाही.

रंगाबद्दल एकच गोष्ट विचारली. वाळू कशी होती दिसायला? काका आत गेले, स्वयंपाकघरात काकूंशी काहीतरी बोलले आणि ताटलीत मूठभर बेसन आणि त्यात चिमूटभर चुलीची राख कालवून घेऊन आले. "अशी. दुपारची. सकाळी जराशी लाल."

दुसरी खेप

काळी माती काढणं सोपं गेलं. कोमट पाण्यात ठेवली, फेविकॉल सैल झाला, माती फुगली आणि जुन्या टूथब्रशनं सुटून आली. ब्रश फिरवतानाच डाव्या अंगाचं शेवटचं चाक पट्ट्यासकट निखळून हातात आलं. वाटलं माझा हात जड पडला. पण तुटलेली कड पाहिली तर वाकल्याची खूण नव्हती, बिस्किट मोडावं तशी सरळ. उजव्या बाजूच्या दांड्यालाही केसासारखी चीर.

कारण माझंच. किटमधला पट्टा मऊ रबरी होता आणि किंचित आखूड, तो मागच्या चाकाचा दांडा सतत पुढे ओढत होता. त्या ताणलेल्या दांड्याच्या मुळाशी मी टर्पेंटाइनचं पाणी सोडलं आणि ते तिथे साचून राहिलं. ताण नसलेल्या, रंगानं झाकलेल्या प्लास्टिकला त्यानं सहसा काही होत नाही. ताणाखाली असलेल्या उघड्या पॉलिस्टायरीनला (किटच्या प्लास्टिकला) मात्र असा द्राव आतून ठिसूळ करतो. चीर लगेच दिसत नाही, आठवड्यांनी दिसते. आता मी साधं टर्पेंटाइन सोडून बिनवासाचा सौम्य व्हाइट स्पिरिट वापरतो आणि चाकांच्या मुळाशी ब्रश जवळजवळ कोरडा ठेवतो. दुरुस्तीला पुन्हा तांबंच कामाला आलं. दोन्ही दांड्यांत एक मिलिमीटरचं भोक पाडून २० गेजच्या तारेची खीळ घातली. आणि पट्टा उलट्या बाजूनं, दिसणार नाही असा कापून दोन मिलिमीटर सैल केला. हे आधी केलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

गंज आणि टवके पुन्हा ऑलिव्ह ग्रीननं झाकले. तो नवा रंग जुन्यापेक्षा थोडा उजळ लागला, ठिगळासारखा. पुसायला गेलो होतो, मग काकांचं तपासणीपूर्वीचं रंगकाम आठवलं आणि राहू दिला.

आता धूळ. पहिला मोह खरी वाळू वापरायचा होता. हिशेब केला आणि सोडून दिला. वाळूचा कण ०.२ मिलिमीटरचा धरला तर १/३५ च्या जगात तो सात मिलिमीटरचा खडा होतो. वाळवंट नाही, गिट्टीचा रस्ता दिसेल. उलटीकडून पाहिलं तर मॉडेलवर वाळूचा कण दिसायलाच नको, दिसायला हवी ती फक्त तिची छटा. म्हणून बफ म्हणजे फिकट पिवळट रंगात थोडा फ्लॅट अर्थ हा मातकट रंग आणि पांढरा मिसळून पाच पट्ट्या पुठ्ठ्यावर मारल्या, काकांच्या ताटलीशेजारी उन्हात ठेवल्या. त्यांनी तिसरी उचलली. तो रंग दुधाच्या पाण्याइतका पातळ करून आधी मागच्या दारांवर, मग खालच्या अंगाला, मग नाकावर मारला, आणि वरच्या सपाटीवर जवळजवळ नाहीच. त्यावर त्याच छटेची कोरडी रंगपूड मऊ ब्रशनं कोपऱ्यांत. डिझेलच्या आणि वंगणाच्या जागी तैलरंगाचा थेंब. दातेरी चाकावर आणि पट्ट्यावर ६बी पेन्सिल घासली. ड्रायव्हरच्या झाकणाच्या डाव्या कडेला काही लावलं नाही, फक्त सुती कापडानं बोट दाबून घासत राहिलो. मॅट रंग दबला की चमक येते. बुटाची जागा तयार.

नंबरासाठी हिंगणघाटला रेडियमवाल्याकडे गेलो. मोटारसायकलच्या नंबरपाट्या कापणारं त्याचं मशीन. खऱ्या गाडीवर १० सेंटिमीटरचा आकडा इथे तीन मिलिमीटरचा होतो, आणि तेवढ्यात आठ आणि शून्याच्या आतले ठिपके मशीन फाडून टाकत होतं. तीन वेळा कापला. शेवटी ठिपके मी सुईनं वेगळे बसवले आणि स्टेन्सिल करून पांढरा मारला. सुरुवातीला सैन्याचा वर जाणारा बाण, मग काकांनी सांगितलेला नंबर. तो त्यांना वीस वर्षांनंतरही घडाघड पाठ होता. इथे तो लिहीत नाही.

वॉर्निशनं मात्र घाम काढला. जुलैच्या झडीत मॅट लॅकरचा डबा फवारला आणि बुरुजावर दुधासारखा ढग आला. द्राव उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर जमून थरात अडकतं. ६० वॉटचा बल्ब लावलेल्या खोक्यात मॉडेल ठेवून हवा कोरडी केली आणि थिनरची हलकी फुंकर मारली, तेव्हा ढग गेला. पण त्यानंतर धुळीवर वॉर्निश मारायची माझी हिंमत झाली नाही. शिवाय ओलं वॉर्निश पूड गिळून टाकतं, अर्धी धूळ दिसेनाशी होते. धूळ तशीच, न बांधलेली ठेवली. या निर्णयाचं पुढे काय झालं ते येतंच.

पास

काकांना मॉडेल पोळ्याच्या आदल्या दिवशी दिलं. या वेळी त्यांनी ते उचललं, आधी मागून पाहिलं, मग डावीकडून. डाव्या कडेवरच्या त्या चमकणाऱ्या जागेवर अंगठा टेकवला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मोबाइलची टॉर्च लावून चाकांच्या मागे डोकावले.

तिथे, आतल्या अंगाला, ब्रश न पोचलेली काळी माती राहिली होती.

"हे आपली माती."

"राहिली काका. काढतो."

"राहू दे. सुट्टीवर आलती म्हनू."

नातवानं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नंदीबैलाऐवजी गाडीच ओढत न्यायचा हट्ट धरला. काकांनी त्याला लाकडी बैल हातात देऊन पिटाळलं. मॉडेल टीव्हीच्या शोकेसमध्ये, लग्नाच्या फोटोशेजारी बसलं.

दिवाळीच्या साफसफाईत सूनबाईंनी शोकेस पुसली, आणि गाडी फारच धुळकट दिसते म्हणून तीही ओल्या फडक्यानं पुसली. मागच्या दारांवरची सगळी पूड गेली. खालचा पातळ रंगाचा थर तेवढा शाबूत. मी नव्यानं करून देतो म्हटलं, तर काका म्हणाले, काच बसव आधी, मग कर. काचवाल्याला माप दिलंय: आतून २५ बाय १४, उंची १६ सेंटिमीटर, अँटेना वाकवून मावेल एवढी. खाली सागवानाची पाटी. पाटीवर जमीन करायची का, आणि कुठली, हे काकांनी अजून सांगितलेलं नाही.